आईनंतर कोण

तांता, १२ ऑक्टोबर १९९६

लाडक्या नहलास,

सलाम आणि खूप आशीर्वाद. अस्वानला पोहोचल्याची तुझी तार मिळाली. नव्या नवरीनं तारेत काय लिहावं, तर 'पोहोचले, रीम कशी आहे'. फत्हीनं वाचली असती तर बिचाऱ्याला वाटलं असतं, बायको अजून तांत्यातच राहिली.

तुझी लेक उत्तम आहे. पहिले दोन दिवस रडली, ते लपवत नाही. आता सकाळी माझ्याबरोबर टपाल कचेरीपर्यंत येते, माझ्या खिडकीच्या काचेला नाक चिकटवून वाकुल्या दाखवते आणि मग शेजारच्या मुलींबरोबर शाळेत जाते. मुलुखियाची भाजी केली की वाडगा चाटूनपुसून साफ. तुझ्या हातची तिला आवडायची नाही, हे मी तुला सांगणार नव्हते, पण सांगितलं.

शुक्रवारी इसाम तिला न्यायला आला. महल्ला गावी त्याच्या आईकडे घेऊन गेला, संध्याकाळी आणून सोडली. जिन्यातच मी त्याला सांगून टाकलं की नहलाचं लग्न झालं, चार माणसांत, उजळ माथ्यानं. आपण काय चोरी केलीय? त्याचा चेहरा पडला. एवढंच म्हणाला, "आणि रीम?" मी म्हटलं, "तिची काळजी तू करू नकोस. मी आहे. कोर्टसुद्धा माझ्याकडेच देईल." गुपचूप जिना उतरून गेला. माणूस वाईट नाही तुझा पहिला नवरा, पण त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे सुकलेल्या लिंबातून रस काढणं.

आता नीट वाच. थोडे दिवस रीम इथंच राहू दे. मग ताबा रीतसर माझ्या नावावर करून घेऊ. तो झाला की ती माझ्या घरी झोपली काय आणि अस्वानला तुझ्या घरी झोपली काय, विचारायला येतंय कोण? आईनं परक्याशी लग्न केलं की ताबा तिच्या आईकडे जातो, हे आपल्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपली आई नाही. पण आई गेल्यापासून आईच्या जागी मीच ना? खालच्या मजल्यावरच्या माग्दाबाई वकिलांना एकदा विचारूया म्हणून लग्नाआधी तू माझं डोकं खाल्लंस. कशाला? आयुष्यभर खिडकीत बसून कोर्ट फी स्टॅम्प विकतेय मी. कोण कशासाठी कोर्टात चाललंय, हे चेहऱ्यावरून सांगते. अर्धी गल्ली माझ्याकडून अर्ज लिहून नेते.

तू संसारात लक्ष घाल. जेवत जा.

तुझी ताई,
सोहेर

*

अस्वान, २४ ऑक्टोबर १९९६

प्रिय ताई,

तुझं पत्र फत्हीला वाचून दाखवलं. लिंबाच्या वाक्याला तो इतका हसला की मला इसामची दया आली. मुलुखियाचं वाक्य मी गाळलं.

इथं अजून उन्हाळाच आहे. फत्ही धरणावरच्या वीजकेंद्रातून दुपारी घरी येतो, आम्ही पंख्याखाली जेवतो, मग तो झोपतो आणि मी नदीकडच्या खिडकीत बसते. परवा तो काहीतरी बोलला आणि मी मोठ्यानं हसले. स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. किती दिवसांनी हसले होते. आणि लगेच वाटलं, रीम तिकडे आहे आणि तू इथं हसतेस. मग संध्याकाळभर कशातच मन लागलं नाही. फत्हीला कारण सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही, आणि न विचारता रीमसाठी छोटा पलंग आणला.

ताई, रागावू नकोस. पण तू इसामला ते जिन्यात सांगायला नको होतंस का? म्हणजे सांगायला हवंच होतं, पण आधी हाज्जाच्या कानावर घातलं असतं तर? सासू म्हणून माझं तिच्याशी कधी पटलं नाही, पण रीमची ती आजी आहे. आणि माग्दाबाईंचं अजूनही मनात येतं. तू म्हणतेस तर तसंच असेल. तू नेहमी बरोबरच असतेस, लहानपणी याचाच मला राग यायचा.

रीमचा पुढचा दात पडला का? मला रोज तिचे दात दिसतात.

तुझी,
नहला

*

तांता, २० नोव्हेंबर १९९६

नहला,

घाबरून जाऊ नकोस, म्हणून आधीच सांगते की घाबरण्यासारखं काही नाही. हाज्जा दौलतनं कोर्टात दावा लावलाय. आईचं लग्न झालं, म्हणून ताबा आपल्याकडे मागतेय. म्हातारीला स्वतःच्या गुडघ्यांचा ताबा नाही, आणि हिला पोरीचा हवाय.

समन्स घेऊन आलेल्या माणसाला मी चहा पाजला. तारीख लवकरच आहे. उत्तर मी स्वतः लिहिलंय, तीन पानी. आई गेल्यावर तुझी वेणी कोणी घातली, शाळेत कोणी सोडलं, तापात उशाशी कोण बसलं, तुझं पहिलं लग्न कोणी लावलं आणि मोडल्यावर तुला आणि रीमला दारात कोणी घेतलं, सगळं क्रमानं लिहिलंय. वाचताना माझेच डोळे भरून आले. न्यायाधीशही माणूसच असतो. आईची आई नसेल तर आईसारखी बहीण, हे त्याला वेगळं शिकवायला नको.

वकील नको. असल्या कामात वकिलावाचून उभं राहता येतं, मी चौकशी केलीय. वकील मध्ये आला की घरातलं भांडण चव्हाट्यावर जातं, आणि मग दोन्ही बाजूंना नाक वर करून बसावं लागतं. माग्दाबाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "सोहेर, काही मदत हवी का?" मी म्हटलं, "फक्त तुमच्या मांजराला आवरा."

तू येऊ नकोस. एवढा लांबचा प्रवास, आणि नव्या नवऱ्याचं घर सोडून कोर्टात उभी राहिलीस की लोकांच्या चर्चेला तोंड फुटेल. माझ्यावर सोड.

दात पडला. उशीखाली ठेवायचा म्हणाली, मी म्हटलं सूर्याकडे फेक, आपल्यात तसंच करतात. फेकला तो नेमका माग्दाबाईंच्या गॅलरीत.

ताई

*

अस्वान, १ डिसेंबर १९९६

प्रिय ताई,

पत्र वाचलं आणि तसंच फत्हीच्या हातात दिलं. फत्ही म्हणाला, ताबडतोब वकील कर, आणि तू जा, मी सोडायला येतो. मी त्याला सांगितलं की ताईला हे सगळं कळतं. तो म्हणाला, "ताईला कळतं हे मान्य, पण दुसऱ्या बाजूचा वकील ताईला ओळखतो का?" मी त्याच्यावर चिडले. आमचं पहिलं भांडण.

ताई, खरंच नको येऊ? तू एकदा 'ये' म्हणालीस तर मी रात्रीची गाडी पकडते. पण 'नको' म्हणालीस तर मला बरं वाटेल, हेही खरं. मला इसामसमोर उभं राहायची लाज वाटते. मी काय गुन्हा केला कळत नाही, पण लाज वाटते.

रीम माझा आवाज विसरली नसेल ना? तिला सांग, आई गरम कपडे विणतेय. इथं गरम कपडे विणणारी मी एकटीच वेडी आहे.

नहला

*

तांता, १८ जानेवारी १९९७

लाडक्या नहलास,

उशिरा लिहितेय, रागावू नकोस. रमजान लागला आणि खिडकीवर गर्दी वाढली. रोज्यात माणसं तिकिटाच्या डिंकावरूनही भांडतात.

कोर्टाचं काम म्हणजे काय, तारखांवर तारखा. तू त्याचा विचार करू नकोस. रीम मजेत आहे. तिच्यासाठी बाजारातून रंगीत काचांचा कंदील आणलाय, लाल आणि हिरवा. तू विणलेला स्वेटर पोहोचला, मापात अगदी बरोबर आहे. हल्ली ती अभ्यासाला कंटाळत नाही. तिच्या वर्गात मैत्रिणीही झाल्यात.

यंदा इफ्तारला महशी केली होती, कोबीच्या पानांची. फार उरली. शेजारी वाटली.

फत्हीला सलाम सांग. तुम्ही दोघं सुखात राहा, एवढंच मी रोजच्या नमाजात मागते.

ताई

*

अस्वान, १० फेब्रुवारी १९९७

सोहेर,

काल ईद होती. लांबचा फोन महाग, म्हणून एरवी टाळते, पण सणाचं म्हणून सकाळी मी नाक्यावरच्या टेलिफोन केंद्रात गेले. तुला फोन लावला, तू उचलला नाहीस, नमाजाला गेली असशील असं वाटलं. मग म्हटलं, हाज्जालाही मुबारक द्यावी. कोर्ट असू दे नाहीतर काहीही, सणाला मोठ्यांना फोन करायचा असतो, हे तूच शिकवलंस.

फोन रीमनं उचलला.

मला वाटलं, ईदपुरती आली असेल. मी विचारलं, मावशी कधी न्यायला येणार? ती म्हणाली, "मावशी नाही न्यायला येत. मावशी सोडून गेली." मग म्हणाली, "आई, मावशीच्या घरात माझं अंथरूण अजून आहे का?"

मी काय बोलले मला आठवत नाही. हाज्जानं फोन घेतला आणि सरळ सांगितलं की निकाल जानेवारीच्या सुरुवातीलाच लागला. तुझ्या पत्राच्या आधी. तू मला कंदिलाचे रंग लिहून पाठवलेस, तेव्हा तो कंदील कोणासाठी होता? ती मजेत आहे, हे तुला कोणी सांगितलं? वर्गातल्या मैत्रिणी कुठल्या वर्गातल्या?

मी आई आहे तिची. मला कोणीही सांगितलं असतं, इसामनं, पोस्टमननं, तर मी सहन केलं असतं. तू मला फसवलंस.

पत्र लिहू नकोस असं लिहिणार होते. पण लिही. सगळं लिही. आणि एक शब्दही गोड करून लिहू नकोस.

नहला

*

तांता, १६ फेब्रुवारी १९९७

नहला,

लिहिते.

न्यायाधीशांनी माझी तीन पानं उलटून पाहिली, वाचली नाहीत. विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?" मी म्हटलं, मावशी. "आईची आई हयात आहे?" नाही, पण तिच्या जागी मीच. "बापाची आई हयात आहे?" मागच्या बाकावरून हाज्जा दौलत काठी टेकत उठली. झालं. एवढंच होतं ते. कायद्यात रांग ठरलेली आहे. आई, मग आईची आई, मग बापाची आई, मग बहिणी, आणि त्यांच्याही मागे कुठेतरी मावशी. ज्या पायरीवर मी स्वतःला उभं केलं होतं, ती पायरी माझी नव्हतीच. न्यायाधीश रागावले नाहीत. नरमपणे म्हणाले, "बाई, इथं येण्याआधी कोणाला विचारलं नाहीत का?" ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

रीमला मीच नेऊन सोडलं. बेलीफ येऊन पोरीला दारातून नेणार, हे मला बघवलं नसतं. तिला वाटलं नेहमीसारखं शुक्रवारचं जाणं आहे. पिशवीत सगळे कपडे बघून तिनं विचारलं, इतके का? मी म्हटलं, थंडी आहे. तिथून निघताना ती माझ्या कोटाला धरून दारापर्यंत आली, आणि मी तिची बोटं सोडवली. ही बोटं सोडवायची मला सवय आहे, तुझीही सोडवायचे शाळेच्या दारात. पण तेव्हा मी दुपारी परत न्यायला यायचे.

तुला त्याच दिवशी लिहायला बसले होते. उद्या लिहू, परवा लिहू, काहीतरी मार्ग काढू आणि मगच लिहू, असं करत करत ते खोटं पत्र लिहिलं. कंदील मी खरंच आणला होता. शोभेला तसाच पडलाय. अपिलाची मुदतही त्याच दिवसांत गेली, हे मला नंतर समजलं. म्हणजे एकदा चुकले ते फुशारकीनं, आणि दुसऱ्यांदा भित्रेपणानं. दुसरी चूक मोठी आहे, ती मला जास्त बोचते.

इफ्तारची महशी उरली, कारण हात सवयीनं दोघींची करत होता.

तू म्हणालीस गोड करू नकोस. नाही केलं.

सोहेर

*

अस्वान, २ मार्च १९९७

माग्दाबाईंकडे जा. या वेळी बोलू नकोस, ऐक. त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिही, मला आवडणार नाही तेही.

नहला

*

तांता, २४ मार्च १९९७

नहला,

गेले. दारात उभी राहिले तेव्हा वाटलं, आता मांजराचा सूड घेतील. माग्दाबाईंनी खुर्ची पुढे केली.

सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, अपील केलं असतं तरी फारसा उपयोग नव्हता, तेवढं ओझं उतरवून ठेवा. मी उतरवू शकले नाही. मी विचारलं, मग वकील करून तरी काय झालं असतं? त्या म्हणाल्या, "दोन्ही घरं राजी असतील, तर माझी गरज फक्त कागद नीट लिहून न्यायाधीशांपुढे ठेवण्यापुरती. पण लग्न होणार आहे, गाव बदलणार आहे, आणि समोरचं माणूस राजी आहे की नाही हे ठाऊक नाही, अशा वेळी लग्नाच्या आधी यायचं. निकालानंतर आलात की मी फक्त निकाल वाचून दाखवते." अर्ध्या तासाचं काम होतं म्हणाल्या. लग्नाआधी हाज्जाशी बसून बोलायचं, तिनं हक्क सोडल्याचं लिहून द्यायचं, बास.

आता पुढे काय, तर तीन गोष्टी. एक, तुला मुलीला नियमित भेटायचा हक्क आहे, तो कोर्टाकडून बांधून घेता येतो. दोन, हाज्जानं आपणहून ताबा सोडला तर रांग पुढे सरकते, आणि रीमला सख्खी बहीण वगैरे कोणी नाही, म्हणून ती माझ्यापर्यंत येते. पण मी तिला इसामच्या संमतीशिवाय दुसऱ्या गावी नेऊ शकत नाही. तिसरी गोष्ट लिहावी की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. तुझं लग्न मोडलं, तर तुझा हक्क तुला परत मिळतो. हे मी लिहिलंय, कारण मी यापुढे तुझ्यापासून काही लपवणार नाही. पण हे लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलं, कारण हे लग्न मीच लावलं.

मग मी महल्ल्याला गेले. हाज्जानं चहा दिला, साखर विचारली नाही. रीम शाळेत होती. मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "कुठलं?" मला वाटलं टोमणा आहे, पण ती खरंच विचारत होती. मी कोर्टाचं सांगायला लागले, तर तिनं हात वर केला.

"कोर्टाचं नाही विचारत. लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे कोणी का आलं नाही? मी काय रस्त्यावरची आहे? माझ्या नातीचं कोण काय करणार, हे माझ्या मुलाला जिन्यात उभं राहून ऐकायला मिळतं. कोर्ट माझ्याकडेच देईल म्हणे. मग मी म्हटलं, बघूया कोणाकडे देतं. एक माणूस येऊन माझ्या बाजूला बसलं असतं ना, तर या गुडघ्यांवर मी कोर्टाची पायरी चढले नसते."

नहला, तिला रीम नको होती. म्हणजे हवी आहे, जीव आहे तिच्यावर, पण सांभाळायला हवी होती असं नाही. विचारलेलं हवं होतं. आणि मी सगळ्या गल्लीचे अर्ज लिहिणारी, मला एक भेट सुचली नाही.

ती ताबा सोडायला तयार आहे, पण माझ्या नावावर, आणि रीम तांत्यातच राहील या अटीवर. अस्वानला पाठवायची नाही. "परक्या पुरुषाच्या घरात इसाम तिला झोपू देणार नाही, आणि मीही नाही," म्हणाली. सुटीत तू इथं येऊन हवं तितकं राहा, त्याला तिची ना नाही.

निघताना रीम शाळेतून आली. जिन्यात मला बघून थांबली. पळत आली नाही. विचारलं, "न्यायला आलीस की भेटायला?" मी म्हटलं, भेटायला. तिनं मान हलवली आणि आत गेली.

आता माझं मन सांगते, म्हणजे सगळं सांगून झालं. ही अट ऐकून मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. रीम माझ्या घरी. तुझं नुकसान करून मीच मिळवणार, आणि मला ते हवंय. या आनंदाची मला शिसारी येते. तू 'नाही' म्हणालीस तर मी हाज्जाला 'नाही' कळवेन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

सोहेर

*

अस्वान, २५ एप्रिल १९९७

ताई,

बकरी ईदला मी महल्ल्याला येऊन गेले. गाडी तांत्याला थांबली तेव्हा मी खिडकीची फळी ओढून घेतली. तुला भेटायची अजून तयारी नव्हती, म्हणून कळवलं नाही.

रीमनं मला हाज्जाचं घर दाखवलं, पाहुण्याला दाखवतात तसं. इथं पाणी असतं, इथं चपला काढायच्या. संध्याकाळी तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि विचारलं, "आई, आता माझी पाळी कोणाकडे?" मी हाज्जाकडे पाहिलं, हाज्जानं माझ्याकडे. आम्ही दोघी त्या घरात तीन वर्षं भांडलो, पण त्या दिवशी दोघींना एकाच वेळी खाली बघावं लागलं.

परत आल्यावर फत्हीला मी तिसरी गोष्ट वाचून दाखवली. त्यानं पत्राची घडी घालून ते मला परत दिलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना म्हणाला, "तुला जायचं असेल तर मी अडवणार नाही. तू सांगशील तेव्हा तलाकचे शब्द उच्चारेन. फक्त लोक करतात तसं नाटक मला जमणार नाही, कागदावर मोडायचं आणि घरात ठेवायचं. मोडलं तर खरं मोडेल."

ताई, मी आठवडाभर विचार केला. मी फत्हीला सोडणार नाही. सोडलं तर रीम मला मिळेल, हे मला नीट समजलंय, आणि तरी मी सोडणार नाही. हे वाक्य लिहायला मला तुझ्या खोट्या पत्रापेक्षा जास्त दिवस लागले.

आणि एक. तू माग्दाबाईंकडे जाऊ दिलं नाहीस, असं मी सगळ्यांना सांगत राहिले. फत्हीला, स्वतःला. पण मला पाय होते. त्या तर खालच्याच मजल्यावर राहतात. मी गेले नाही, कारण त्या 'हे लग्न करू नकोस' म्हणाल्या असत्या तर? मला ते ऐकायचं नव्हतं. तू खात्रीनं बोलत होतीस आणि मला तुझी खात्री सोयीची होती. म्हणजे सगळं ओझं तू एकटीनं उचलू नकोस. अर्धं माझं आहे, मोठं अर्धं.

हाज्जाची अट मान्य आहे. कागद माग्दाबाईंनीच लिहायचा. सुट्ट्या, ईद, फोन, सगळं त्यात हवं. इसामला आणि हाज्जाला समोर बसवून, विचारून लिहायचं. मी सहीला येईन. रीमला तुझ्याकडे ने, तिची जुनी शाळा तिथं आहे. तुला आनंद झाला याचा मला राग आला होता. आता वाटतं, तिला न्यायला येणाऱ्या माणसाला आनंद झालेलाच बरा.

फक्त एक कर. ती मोठी होईल आणि विचारेल, आई का नाही आली. तेव्हा 'कायद्यानं अडवलं' असं सांगू नकोस. आई येऊ शकत होती, असं सांग.

नहला

*

तांता, ५ जुलै १९९७

लाडक्या नहलास,

तू सही करून गेल्यानंतर न्यायाधीशांनी कागदावर शिक्कामोर्तब केलं, हे माग्दाबाईंनी तुला कळवलं असेलच. काल मी हाज्जाकडे जाऊन रीमला घेऊन आले. हाज्जानं स्वतः तिची वेणी घातली, स्वतः पिशवी भरली आणि काठी टेकत गल्लीच्या तोंडापर्यंत आली. पुढच्या शुक्रवारी मी रीमला घेऊन तिच्याकडे जेवायला जाणार आहे. साखर किती हवी, हे या वेळी तिनं विचारलं.

घरी आल्यावर रीमनं आधी अंथरूण शोधलं. हातानं चाचपून बघितलं आणि त्याच्यावर बसली. मग तिनं ते विचारलं. मोठी झाल्यावर विचारेल असं तू लिहिलं होतंस, पण सहा वर्षांच्या मुलीला कोणी थांबायला सांगावं? म्हणाली, "आई का नाही आली न्यायला?"

तू सांगितलेलं वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. त्याच्या मागे आणखीही दहा वाक्यं होती, तुला ठाऊक आहे मी कधी अडत नाही. तुझ्या शाळेत, तुझ्या सासरी, कोर्टात, सगळीकडे तुझ्या वतीनं मीच बोलत आले. तू गप्प राहिलीस की मला बरं वाटायचं, आणि त्यानंच आपण तिघी इथं येऊन पोहोचलो. मी रीमला म्हटलं, मला माहीत नाही, आईला विचारूया. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी 'मला माहीत नाही' म्हटलं असेन.

तेव्हा तू ये, नहला. हे मी सांगणार नाही, तू सांग. तिच्या डोळ्यांकडे बघून, तुला सुचेल त्या शब्दांत. ती रडेल, कदाचित तुझ्याशी बोलणार नाही. तेही तुलाच सोसायचं आहे. मी दुसऱ्या खोलीत बसेन आणि दार लावून घेईन.

ती आता झोपलीय. एका हातात माझ्या झग्याची कड घट्ट धरलीय, म्हणून अक्षर वाकडं येतंय. या वेळी मी बोटं सोडवलेली नाहीत.

सोहेर